पीएचडी संपत आलीय, पोस्टडॉक शोधायचाय? मग मी केलेला घोळ तुम्ही करू नका

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर एखाद्या लॅबमध्ये ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी किंवा फेलोशिप. त्यासाठी मी पहिल्या फेरीत प्रोफेसरांना १४० मेल पाठवले होते. आकडा पक्का लक्षात आहे कारण एक्सेल शीट केली होती, नवऱ्याने हौसेने रंग पण भरून दिले, उत्तर आलं की हिरवा, नाही आलं की लाल. चार महिन्यांनी शीट उघडली तर नुसतं टोमॅटोचं शेत. एकूण ९ उत्तरं. त्यातली ७ "सध्या फंडिंग नाही" वाली, एक प्रोफेसर रिटायर झाल्याचा ऑटो-रिप्लाय, आणि नववं एका सरांचं, त्यांनी अगदी सभ्यपणे कळवलं की तुम्ही माझ्या ज्या पेपरचं कौतुक केलंय तो माझा नाहीये. कॉपी-पेस्ट करताना नाव बदललं आणि पेपर बदलायचा राहिला.

दुसऱ्या फेरीत फक्त १४ मेल पाठवले. ५ उत्तरं, ३ इंटरव्ह्यू, १ ऑफर.

मी कोपरखैरण्याची, पीएचडी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत, नंतर वर्षभर इथेच एका प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट होते, मग दोन वर्ष जर्मनीत पोस्टडॉक आणि आता परत. ज्युनियर पोरं-पोरी सारखं तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. माझा अनुभव सायन्सचा आहे, आर्ट्स-सोशल सायन्सवाल्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पोस्टडॉकची "जागा रिकामी आहे का" असं शोधत बसलात तर वर्ष जाईल. लॅब वेगळी शोधायची, पैसा वेगळा शोधायचा, आणि दोघांची गाठ घालून द्यायची, त्यात मध्यस्थ तुम्हीच. खालचं सगळं याच अंगाने वाचा.

१. कॅलेंडर उलटं मोजा

थिसिस सबमिट केल्यावर शोधायला लागू असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटलं होतं. पण हिशोब बघा, मोठ्या फेलोशिपचा अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंत चार-पाच महिने सहज जातात, त्याआधी होस्ट प्रोफेसर, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये जायचं ते, पटवून प्रपोजल लिहायला दोन-तीन महिने, निकालानंतर व्हिसाला दोन-तीन महिने. म्हणजे ज्या महिन्यात जॉईन व्हायचंय त्याच्या किमान १० ते १२ महिने आधी पहिला मेल गेलेला पाहिजे. आणि त्या वेळी तुम्ही थिसिसचा चौथा चॅप्टर लिहीत असणार, डोकं आउट झालेलं असणार, तरी आठवड्यातले दोन तास याला काढाच. मी रोज ट्रेनमध्ये काढायचे, ठाण्याच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर.

दुसरं म्हणजे सबमिशन, व्हायवा (थिसिसची तोंडी परीक्षा) आणि डिग्रीचं नोटिफिकेशन यात आपल्याकडे बराच काळ जातो. जाहिरातीत "पीएचडी हातात पाहिजे" लिहिलंय की "जॉईन होईपर्यंत चालेल" ते नीट वाचा. नसेल लिहिलं तर मेल करून विचारा, विचारल्याने काही बिघडत नाही.

२. पैसा कुणाचा, ते आधी समजून घ्या

पोस्टडॉकचा पगार दोन वाटांनी येतो. पहिली वाट, प्रोफेसरला, म्हणजे आमच्या भाषेत पीआयला, ग्रँट मिळालीय आणि त्यात माणूस घ्यायची तरतूद आहे. यात काम काय करायचं हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं, तुम्ही त्यात बसता का एवढाच प्रश्न. दुसरी वाट, तुम्ही स्वतःची फेलोशिप मिळवता आणि पीआय फक्त लॅब, टेबल आणि डोकं देतो. "फंडिंग नाही" असं उत्तर येतं ना, ते पहिल्या वाटेचं उत्तर असतं. त्याला परत लिहायचं की मी स्वतःच्या फेलोशिपसाठी अर्ज करायला तयार आहे, तुम्ही होस्ट व्हाल का. मी पहिल्या फेरीत सातही जणांना "थँक यू सर" म्हणून गप्प बसले. त्यातल्या दोघांनी तरी हो म्हटलं असतं असं आज वाटतं.

भारतात सर्वात माहितीतली म्हणजे नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, एन-पीडीएफ. पूर्वी ती एसईआरबी या केंद्राच्या रिसर्च बोर्डाची होती, आता ते बोर्ड एएनआरएफ या नव्या संस्थेत गेलंय, त्यामुळे जुन्या वेबसाइटच्या लिंकवर भटकू नका. दोन वर्षांची असते, वयाची अट ३५, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्ष सूट. बायोवाल्यांना डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची, रिसर्च असोसिएटशिप आहे. सोशल सायन्सवाल्यांनी आयसीएसएसआरची, म्हणजे केंद्राच्या सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलची, पोस्टडॉक फेलोशिप बघावी. आयआयटी मुंबईची स्वतःची इन्स्टिट्यूट पोस्टडॉक आहेच. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये रिसर्च असोसिएट झालात तर १ जानेवारी २०२३ पासूनचे दर महिना ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० असे तीन पायऱ्यांचे आहेत, वर घरभाडं भत्ता. पण काही ठिकाणी "कन्सॉलिडेटेड", म्हणजे सगळं धरून एकच रक्कम, असं लिहून आकडा वेगळाच असतो, तो शब्द दिसला की थांबून विचारा.

बाहेर जायचं असेल तर जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप, ६ ते २४ महिन्यांची, पीएचडीला चार वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत. युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक, हिची डेडलाइन बहुतेक सप्टेंबरात येते आणि हिला एक गंमतशीर अट आहे, ज्या देशात जायचंय तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधीच त्या देशात जाऊन "बघू, तिथून अर्ज करू" म्हणणारे नेमके यातच अडकतात. जपानची जेएसपीएस फेलोशिप आहे. या सगळ्यांना होस्ट आधी लागतो. होस्टशिवाय फॉर्म उघडून बसण्यात अर्थ नाही.

३. जाहिरातीत "पोस्टडॉक" हा शब्दच नसतो कधी कधी

हा मला वैयक्तिक राग असलेला विषय आहे. मी गुगल अलर्ट लावला होता "पोस्टडॉक" शब्दावर आणि निम्म्या जाहिराती मला दिसल्याच नाहीत. टीआयएफआरमध्ये (कुलाब्याची टाटा इन्स्टिट्यूट) पोस्टडॉकला विझिटिंग फेलो म्हणतात. आपल्या प्रोजेक्टमध्ये रिसर्च असोसिएट. इंग्लंडमध्ये रिसर्च असोसिएट किंवा रिसर्च फेलो. जर्मन युनिव्हर्सिटीच्या जाहिरातीत विसेनशाफ्टलिशर मिटआरबायटर असा लांबलचक शब्द असतो आणि तोच पीएचडीवाल्यांनाही लावतात, तेव्हा आत उघडून डिग्री कुठली मागितलीय ते बघावं लागतं.

शोधायच्या जागा: युरोपसाठी युराक्सेस, इंग्लंडसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, सगळीकडचं मिळून नेचर करिअर्स, गणितवाल्यांना मॅथजॉब्स, अॅस्ट्रॉनॉमीवाल्यांना एएएसचं जॉब रजिस्टर, आपल्याकडच्या बायोवाल्यांना इंडियाबायोसायन्स. लिंक्डइनवर पीआय लोक स्वतः टाकतात, पण तिथे "मॅम इंटरेस्टेड" अशी कमेंट टाकून काही होत नाही. मेल करा.

आणि कोणी अर्जाची "प्रोसेसिंग फी" मागितली, ऑफर लेटर आधी पैसे नंतर असलं काही सांगितलं, तर विषय तिथेच संपवा. पोस्टडॉकच्या ऑफरसाठी पैसे देत नसतात.

४. घराजवळचं बघितलंत का?

सगळ्यांच्या डोक्यात बोस्टन आणि म्युनिक. मला स्वतःला नवी मुंबईत काय काय आहे ते पीएचडीच्या शेवटी कळलं. खारघरला सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक, कॅन्सर बायोलॉजीवाल्यांसाठी. नवीन पनवेलला भूचुंबकत्व संस्था, म्हणजे आयआयजी, फिजिक्स आणि अर्थ सायन्सवाल्यांनी हे नाव लिहून ठेवा, इथे रोज हायवेवरून जाणाऱ्या निम्म्या लोकांना ती संस्था काय करते माहीत नसतं. मानखुर्दला होमी भाभा सेंटर, सायन्स एज्युकेशनमध्ये रिसर्च करायचा असेल तर. पलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसी. ठाणेकरांना पवईची आयआयटी जवळ, आणि माटुंग्याला केमिकल टेक्नॉलॉजीची आयसीटी. पुणं धरलं तर एनसीएल, आयसर, एनसीसीएस, आयुका, आघारकर, यादी लांबते.

या ठिकाणी प्रोजेक्टच्या जागा बऱ्याचदा वॉक-इन इंटरव्ह्यूने भरतात. जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर कुठेतरी कोपऱ्यात पीडीएफ म्हणून पडलेली असते आणि इंटरव्ह्यू दहा-पंधरा दिवसांत. दर सोमवारी सकाळी पाच-सहा वेबसाइट उघडून बघायची सवय लावा, मी चहा पिता पिता बघायचे. ओरिजिनल सगळी न्यायची, झेरॉक्सचा एक सेट सही करून, फोटो दोन, आणि डबा. डबा खरंच न्या, साडेनऊला बोलावतात आणि नंबर तीन वाजता येतो.

आमच्याकडे आई म्हणायची, अगं एवढं शिकून परत प्रोजेक्टवरच? तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पण त्या एका वर्षाच्या आरए-शिपमध्ये माझा अडकलेला पेपर निघाला आणि त्या पेपरवरच पुढचं सगळं झालं. मोकळं बसून फक्त अर्ज भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

५. मेल कसा लिहायचा

इथेच सगळं घोडं अडतं, म्हणून जरा सविस्तर.

आधी यादी. तुमच्या थिसिसच्या शेवटी जे संदर्भ आहेत ना, तीच यादी. ज्या ग्रुपचे पेपर तुम्ही पाच पाच वेळा सायटेशनमध्ये टाकलेत ते लोक तुमच्या कामाच्या सर्वात जवळचे. त्यातून २०-२५ नावं काढा. मग प्रत्येकाची लॅबची वेबसाइट उघडून बघा की सध्या ग्रुपमध्ये किती लोक आहेत, गेल्या दोन वर्षांत काय छापलंय, जुने पोस्टडॉक आज कुठे आहेत. जुने पोस्टडॉक कुठेच दिसत नसतील तर जरा सावध. शक्य असेल तर त्यातल्या एखाद्याला लिंक्डइनवर विचारा की तिथे कसं वातावरण आहे, लोक खरं सांगतात, विशेषतः सोडून गेलेले. एका लॅबबद्दल मला एका मुलीने फक्त एवढंच लिहिलं, "फोनवर बोलू." मी समजले.

आता मेल. इंग्रजीतच लिहायचा, पंधरा ओळींच्या आत. पहिल्या दोन ओळीत मी कोण, पीएचडी कशात, कधी संपतेय. मग त्यांच्या एका, एकाच, पेपरबद्दल खरा प्रश्न किंवा निरीक्षण. "युवर वर्क इज व्हेरी इंटरेस्टिंग" हे वाक्य मी १४० वेळा लिहिलंय आणि त्याचा उपयोग शून्य. ज्या मेलला ऑफर मिळाली त्यात मी लिहिलं होतं की तुमच्या सेलमध्ये पन्नासाव्या सायकलनंतर कपॅसिटी जी पडते, तसंच माझ्या इलेक्ट्रोलाइटमध्ये दिसलं होतं आणि मला कारण पाण्याचा अंश वाटतो, तुम्ही तो मोजला होता का? त्यांनी मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशी उत्तर.

त्यानंतर तुम्हाला काय येतं जे त्या लॅबमध्ये नाहीये. आणि शेवटी स्पष्ट विचारायचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, "एनी ऑपॉर्च्युनिटी" वगैरे मोघम नको, सरळ लिहा की अमुक महिन्यापासून पोस्टडॉकसाठी यायची इच्छा आहे, तुमच्याकडे जागा असेल तर अर्ज करीन, नसेल तर अमुक फेलोशिपसाठी तुम्ही होस्ट व्हाल का. सोबत फक्त सीव्ही, एकच पीडीएफ, फाइलला नाव नीट द्या. माझ्या फाइलचं नाव "सीव्ही फायनल फायनल २" होतं, हसू नका.

"रिस्पेक्टेड सर" ने सुरुवात करू नका, बाहेर ते विचित्र वाटतं, आणि समोर मॅडम असतील तर अजूनच. डिअर प्रोफेसर आणि आडनाव, बस. बीसीसीत वीस जणांना टाकून एक मेल तर कधीच नको.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळींची आठवण. एकदाच. माझ्या ५ उत्तरांपैकी २ आठवणीनंतर आली.

६. कागदपत्रं आणि नावाचा गुंता

ही यादी फोल्डर करून ठेवा:

– सीव्ही, पब्लिकेशनच्या यादीसकट, स्वतःचं नाव ठळक
– दोन पानी रिसर्च स्टेटमेंट, काय केलं आणि पुढे काय करायचंय
– पीएचडीचं नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट
– बीएस्सी, एमएस्सीच्या मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट
– थिसिसचा सारांश, एक पान
– पासपोर्ट, किमान तीन वर्ष मुदत शिल्लक असलेला बरा
– ऑर्किड नंबर, म्हणजे रिसर्च करणाऱ्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक

सीव्हीत वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय का, आणि ते खालचं "वरील माहिती सत्य आहे" काही नको. सबमिट केलेला पेपर आणि अजून लिहितेय असा पेपर वेगळे दाखवा. इंटरव्ह्यूत विचारतात आणि पितळ उघडं पडतं.

नावाचं मात्र नीट बघा, आपल्या मराठी लोकांची ही खास अडचण. मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. बाहेरच्या पोर्टलने माझं आडनावच पहिलं नाव धरलं आणि कॉन्ट्रॅक्टच्या ड्राफ्टवर आईचं नाव आडनाव म्हणून आलं. वर लग्नानंतर पासपोर्ट बदललेला असेल तर पेपर माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. मी वेळेत जागी झाले म्हणून निभावलं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव भरा, पेपरवरचं नाव ऑर्किडला जोडून ठेवा, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अॅफिडेव्हिट करून ठेवा, ठाण्यात कोर्ट नाक्यावर तासाभराचं काम आहे.

ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, आजच अर्ज करा. अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावं म्हणून कागदावर घ्यायचा सरकारी शिक्का, मात्र कोणी मागितल्याशिवाय करू नका. मी एका एजंटला पैसे देऊन दहावीच्या मार्कशीटपासून सगळ्याचं करून घेतलं आणि मला ते आजतागायत कोणी विचारलेलं नाही.

७. रेफरन्स

तीन लागतात. एक गाइड, दुसरं सहलेखक, तिसरं ज्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय असं कोणी. व्हायवाच्या एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही विचारता येतं. तीन आठवडे आधी विचारा, आणि सोबत तुमचा सीव्ही, जाहिरात, आणि चार मुद्दे द्या की यांनी यावर लिहिलं तर बरं. पुष्कळ सर "तूच ड्राफ्ट कर, मी सही करतो" म्हणतात. मग तिन्ही पत्रं एकाच सुरात होतात आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं. निदान मुद्दे आणि उदाहरणं तरी वेगळी ठेवा.

अनेक पोर्टल जीमेलवरून आलेलं पत्र घेतच नाहीत, संस्थेचा मेल आयडी लागतो. आपल्याकडे कित्येक ज्येष्ठ सर जीमेलच वापरतात. आधी विचारून घ्या, डेडलाइनच्या रात्री अकराला सरांना पासवर्ड रिसेट करायला सांगायची वेळ माझ्यावर आलीय.

गाइडशी वाजलेलं असेल तर? असतं कित्येकांचं. तेव्हा नवीन पीआयला दोन ओळीत, रडगाणं न गाता, सांगून ठेवा की माझ्या कामाबद्दल अमुक व्यक्ती जास्त नीट सांगू शकतील.

८. इंटरव्ह्यू

बहुतेक झूमवर, वीस मिनिटं तुमचं प्रेझेंटेशन, मग प्रश्न. वीस म्हणजे अठराच, मोबाइलवर टायमर लावून तालीम करा. थिसिसचे पाचही चॅप्टर कोंबू नका, एकच गोष्ट नीट सांगा. "फसलेला एखादा प्रयोग सांगा" हे मला तीनपैकी दोन ठिकाणी विचारलं. शेवटी तुम्हीही विचारा, कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं, वाढू शकतं का, स्वतःचा विषय करायला वेळ मिळतो का.

वेळ! युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. माझा इंटरव्ह्यू होता नेमका मार्चच्या शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवारी, तिकडचे सकाळी दहा. मी हिशोब धरला अडीचचा, ते दीड वाजल्यापासून माझी वाट बघत होते. गेली ती लॅब हातातून. अमेरिका तर तिसऱ्याच तारखेला बदलते, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला.

घरी दुपारची लाइट जाते त्याचा पण विचार करा. मी पुढचे दोन इंटरव्ह्यू मोबाइलचं हॉटस्पॉट चालू ठेवून, मामाच्या ऐरोलीच्या फ्लॅटवर दिले. तिथे दुपारी भाजीवाल्याचा भोंगा नाही.

९. ऑफर आली, आता?

लगेच हो म्हणू नका, आठवडा मागा, मिळतो. आधी बघा कॉन्ट्रॅक्ट आहे की स्टायपेंड. जर्मनीत युनिव्हर्सिटीचं कॉन्ट्रॅक्ट साधारण टीव्ही-एल ई १३ या सरकारी पगारश्रेणीचं असतं, त्यातून टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स कापून एकट्या माणसाच्या हातात ६०-६५ टक्के येतात. स्टायपेंडमध्ये कापलं कमी जातं पण इन्शुरन्स तुमचा तुम्ही. कागदावरचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केलीत तर फसाल. अमेरिकेत बायो-मेडिकलला एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा पगाराचा तक्ता पाहतात, २०२४ मध्ये नवीन पीएचडीला वर्षाला ६१,००८ डॉलर होते, पण बोस्टनचं भाडं आणि एखाद्या छोट्या कॉलेज टाउनचं भाडं यात जमीन-अस्मान. इंग्लंडला जाताना व्हिसाच्या वेळीच हेल्थ सरचार्ज आगाऊ भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, जोडीदाराचा वेगळा. युनिव्हर्सिटी परत देते का ते सही करायच्या आधी विचारा, नंतर कोणी ओळख देत नाही.

अमेरिकेला बहुतेक पोस्टडॉक जे-१ व्हिसावर जातात, युनिव्हर्सिटी डीएस-२०१९ फॉर्म पाठवते, मग इंटरव्ह्यू बीकेसीत. "जे-१ घेतलास तर दोन वर्ष परत यावंच लागतं" असं जुन्या व्हिडिओंमध्ये सांगतात, पण ती अट ज्या स्किल्स लिस्टवरून लागायची, त्या अमेरिकेच्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव काढलंय. सरकारी पैशावर जात असाल तर मात्र ती अट अजून लागू शकते, त्यामुळे स्वतःचा डीएस-२०१९ वाचा.

जोडीदार सोबत येणार असेल तर लग्नाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आजच काढा, कार्यालयातलं किंवा गुरुजींनी दिलेलं चालत नाही. आमचं काढलेलं नव्हतं. लग्नाला चार वर्ष झाल्यावर दोघं साक्षीदार शोधत वॉर्ड ऑफिसला गेलो, साक्षीदार काका म्हणाले, "अरे मला वाटलं मोडतंय की काय!"

आणि निघताना ओरिजिनल सर्टिफिकेटं चेक-इन बॅगेत टाकू नका. माझी बॅग दोन दिवस उशिरा आली, त्यात पीएचडीचं सर्टिफिकेट होतं आणि वर फुटलेली लोणच्याची बरणी. युनिव्हर्सिटीच्या एचआर बाईंनी ते हातात घेतलं, वास घेतला, आणि काही न बोलता स्कॅन केलं.